दोष सांगून विकणारे: ऑनलाइन लिलावातल्या विनोदी जाहिरातींविषयी



गेल्या व्याख्यानात आपण 'मूल्य' आणि 'किंमत' यांतल्या फरकाबद्दल बोललो. त्यानंतर एका श्रोत्याने लिहून विचारलं की, हे सगळं ठीक आहे, पण आमच्या घरी झाकण हरवलेला प्रेशर कुकर आहे, त्याचं मूल्य काय? प्रश्न चेष्टेत विचारला होता, पण तो आमच्या डोक्यातून जाईना. त्यात नेमकी त्याच सुमारास आमच्या घरीही एक जुनी वस्तू विकायला काढली होती आणि तिच्यावरून थोडं रामायण झालं होतं. ते नंतर सांगतो.

तर आजचा विषय असा. काही माणसं घरातली अगदी साधी वस्तू ऑनलाइन लिलावात मांडतात आणि तिचं वर्णन असं लिहितात की, ज्यांना ती वस्तू मुळीच नको आहे असे हजारो लोक ते हसत हसत वाचतात, एकमेकांना पाठवतात. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेतला, ईबे या संकेतस्थळावरचा, आणि त्याचा बहर २००० नंतरच्या पहिल्या दहा वर्षांतला. म्हणून आपली उदाहरणंही तिथलीच राहतील. याला साहित्य म्हणायचं की नाही, हा वाद आम्ही बाजूला ठेवतो. लोक ते वाचतात, त्यांना आवडतं आणि त्यात डावं-उजवं करता येतं. समीक्षा करायला एवढं पुरे.

सुरुवात मुळापासून करू. १९९५ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या पियेर ओमिद्यार या संगणक-प्रोग्रामरने 'ऑक्शनवेब' नावाचं एक पान सुरू केलं. पुढे त्याचंच ईबे झालं. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून कंपनी एक बिघडलेला लेझर पॉइंटर सांगते. आम्ही इथे फळ्यावर लाल ठिपका पाडतो ना, तो. ओमिद्यारने तो मोडलेला आहे असं सांगूनच मांडला होता. बोली चढत चढत १४ डॉलर ८३ सेंटपर्यंत गेली. त्याला शंका आली म्हणून त्याने घेणाऱ्याला कळवलं की, अहो, हा चालत नाही, तुमच्या लक्षात आलंय ना? उत्तर आलं की, हो, मी मोडलेले लेझर पॉइंटर जमवतो.

हा किस्सा विनोदी म्हणून सांगितला जातो, आणि हसू घेणाऱ्याचं होतं. आम्हाला मात्र त्यातला विकणारा जास्त महत्त्वाचा वाटतो. तो विक्री झाल्यावरसुद्धा पुन्हा दोष सांगायला गेला.

याच कंपनीची दुसरी एक जन्मकथा बरीच वर्षं वर्तमानपत्रांतून फिरत होती. ओमिद्यारच्या वाग्दत्त वधूला पेझ नावाच्या गोळ्यांच्या प्लॅस्टिकच्या डब्या जमवायचा छंद होता, तिला देवाणघेवाण करता यावी म्हणून त्याने ही साइट काढली, अशी. छंद होता हे खरं. पण साइट त्यासाठी काढली, हे कंपनीच्या प्रसिद्धी विभागातल्या एका बाईंनी पत्रकारांसाठी रचलं होतं. अ‍ॅडम कोहेन या लेखकाने कंपनीवर २००२ साली पुस्तक लिहिलं, त्यात हे उघड झालं. म्हणजे बघा, एकाच दुकानाच्या उंबऱ्यावर दोन गोष्टी बसल्या आहेत. एकीत मोडकी वस्तू आणि खरं वर्णन, दुसरीत गोंडस वस्तू आणि बनवलेलं वर्णन. या दोन्ही आपल्याला आज शेवटपर्यंत लागणार आहेत.

आता जरा मागे जाऊ. बरंच मागे, इसवी सनापूर्वी ४४ या वर्षात. रोमचा सिसेरो आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहितो आहे. त्याच्या तिसऱ्या भागात तो एक पेच मांडतो. एका गृहस्थाला घर विकायचं आहे. घरात दोष आहेत. ते घर आरोग्याला वाईट आहे, खोल्याखोल्यांतून साप निघतात, लाकूडकाम कुचकं आहे. आणि हे मालकाशिवाय कोणालाच ठाऊक नाही. त्याने सांगावं की गप्प बसावं? सिसेरो इथे स्टोइक पंथातल्या दोघांना समोरासमोर उभं करतो. अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगितलंच पाहिजे. बॅबिलोनचा डायोजिनिस म्हणतो, कायदा जेवढं सांगायला लावतो तेवढं सांगावं, त्यापुढे घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. आणि मग तो डायोजिनिस आपल्या बाजूने एक हुकमी पान टाकतो. लिलाव पुकारणाऱ्याने मालकाच्या हुकमावरून चौकात उभं राहून रोगट घर विकायला आहे अशी आरोळी ठोकली, तर त्याहून हास्यास्पद काय असेल, असं तो विचारतो.

मंडळी, आमच्या मते आपल्या विषयाचं बीज इथे आहे. जे दृश्य डायोजिनिसला इतकं अशक्य वाटलं की त्याने ते युक्तिवाद म्हणून वापरलं, ते दोन हजार वर्षांनी प्रत्यक्षात घडलं. लिलाव होता, आणि दोषांची आरोळी मालकच ठोकत होता. लोक हसले, हे डायोजिनिसचं भाकीत खरं ठरलं. पण ते हसले आणि बोलीही लावली, हे त्याला सुचलं नव्हतं.

दोष सांगणं हास्यास्पद का वाटावं? कारण बाजारात ते काम विकणाऱ्याचं नसतंच. आपली बोहारीण आठवा. आता ती दिसत नाही, पण इथल्या निम्म्या मंडळींना आठवत असेल. दुपारी जिन्यात बसून साड्यांचा गठ्ठा उलगडायची. काठ विरलाय, इथे डाग आहे, हा कपडा धुऊन धुऊन पार गेलाय, हे सगळं तिने म्हणायचं. आणि आमच्या आईने म्हणायचं की अगं दोनदा नेसलेय फक्त. एका स्टीलच्या डब्यासाठी अर्धा तास हे चालायचं. दोघींनाही सगळं माहीत असायचं, तरी भूमिका ठरलेल्या. पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात आजही हेच ऐकू येतं. दोष काढायचे ते घेणाऱ्याने, झाकायचे ते विकणाऱ्याने. विनोदी जाहिरातीत विकणारा आपली जागा सोडून घेणाऱ्याच्या जागी जाऊन बसतो आणि तिथून स्वतःच्याच मालाला नावं ठेवतो. पहिलं हसू या अदलाबदलीचं असतं.

पण तेवढ्याने जाहिरात चांगली होत नाही. त्यासाठी आपल्याला काँटकडे जावं लागेल. घाबरू नका, दोन मिनिटंच.

नीतिशास्त्रावरचा त्याचा जो छोटा ग्रंथ १७८५ साली आला, त्यातला किंमत आणि प्रतिष्ठा हा भेद आपण गेल्या वेळी पाहिला. ज्याच्या बदल्यात दुसरं काही देता येतं त्याला किंमत असते, ज्याच्या बदल्यात काहीच देता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. पण तिथे एक तिसरी गोष्टही आहे, आणि ती शिकवताना आम्हीसुद्धा वर्षानुवर्षं घाईने पुढे जात होतो. काँट किमतीचेही दोन प्रकार करतो. गरज भागवणाऱ्या गोष्टींना बाजारभाव असतो. आणि गरज नसताना निव्वळ रुचीला, मनाच्या खेळाला जे सुखावतं, त्याला हौसेचा भाव असतो. मग तो उदाहरणं देतो. कामातलं कौशल्य आणि कष्ट यांना बाजारभाव आहे. चतुराई, जिवंत कल्पनाशक्ती आणि विनोद यांना हौसेचा भाव आहे. आणि दिलेला शब्द पाळणं, याला भावच नाही, त्याचं मोल त्याच्या आतच आहे.

मराठीत 'भाव' म्हणजे दर आणि 'भाव' म्हणजे मनातली भावनाही, ही सोय काँटला जर्मनमध्ये नव्हती. आपल्याला आहे, ती वापरू.

आता एखादी चांगली विनोदी जाहिरात घ्या. तिच्यात या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर असतात. वस्तू आहे, तिला बाजारभाव आहे. लिहिण्यातली गंमत आहे, तिला हौसेचा भाव आहे. आणि वर्णन खरं आहे, पैसे आले की ही वस्तू अशीच्या अशी पाठवू असा शब्द आहे, ज्याला भाव नाही. आमचं म्हणणं एवढंच की, या जाहिरातींची प्रत ठरवताना विनोद किती जोरदार आहे हे पाहण्यापेक्षा, विनोदाने त्या तिसऱ्या गोष्टीचं काय केलं, हे पाहावं.

पहिलं उदाहरण, आमच्या सर्वांत आवडीचं. २००७ सालचा ऑगस्ट. इलिनॉय राज्यातली सहा मुलांची आई. तिने पोकेमॉनच्या पत्त्यांचं एक पाकीट लिलावात मांडलं. मुलांमध्ये त्या पत्त्यांचं वेड आहे, नातवंडं असणाऱ्यांना सांगायला नको. वस्तूचं वर्णन खरं तर एका ओळीचं: पोकेमॉनचे पत्ते, विकायचे आहेत. पण का विकायचे आहेत हे ती सांगते, आणि ते लांबत जातं. सहाही मुलांना घेऊन ती किराणा आणायला गेली होती. मुलांनी तिचा डोळा चुकवून पाकीट ढकलगाडीत सरकवलं आणि घरी येऊन पिशव्या रिकाम्या करेपर्यंत तिला पत्ता नाही. आता तुम्ही विचाराल, गाडीत काय आहे हे दिसलं कसं नाही? तर त्याचं उत्तर म्हणजे त्या दुकानातली सगळी फेरी. सहा मुलांना घेऊन किराणा आणण्यापेक्षा अंगाला माशांचं आमिष फासून इंग्लिश खाडी पोहून जाणं तिला परवडलं असतं, अशा चालीवर ती सांगत जाते.

मुलांना शिक्षा म्हणून पत्ते विकायला काढले होते. पाकिटाची किंमत काही डॉलर. बोली थांबली ती १४२ डॉलर ५१ सेंटवर. पुढे त्या बाईंनी मातृत्वावर पुस्तकंही लिहिली.

या जाहिरातीत काय आहे? बढाई नाही, कुणाला टोमणा नाही. मुलं लबाड आहेत, पण त्यांच्यावर राग नाही, आणि खरी फजिती आईची आहे. गाडी तिने ढकलली, पैसे तिने दिले, तिलाच कळलं नाही. भरताने नाट्यशास्त्रात हास्यरसाचे दोन प्रकार सांगितले आहेत. स्वतः हसतो तो आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो तो परस्थ. टीकाकारांनी त्यावर पुष्कळ खल केला आहे. आम्ही इथे शब्द उसने घेऊन जरा वेगळ्या अर्थाने वापरतो, आमच्या संस्कृतच्या मित्रांनी क्षमा करावी. हसण्याचा विषय कोण, या अर्थाने. पोकेमॉनवाली आई पूर्ण आत्मस्थ आहे. विनोदाचा खर्च तिने स्वतःच्या खिशातून केला आहे.

आणि दुसरी गोष्ट अशी की, वस्तू कुठेही हरवत नाही. या सगळ्या धुमाळीतून वाट काढत आपण पुन्हा त्या पाकिटाशीच येतो. पत्ते त्या फेरीचे साक्षीदार आहेत. ते घेणारा माणूस कागदाचे तुकडे घेतो आहे आणि त्या दुपारचा एक तुकडाही घेतो आहे, दोन्ही खरे.

आता याच्या शेजारी दुसरी जाहिरात ठेवू, जी याहून जास्त गाजली. २००४ चा एप्रिल, सिअ‍ॅटल शहर. एका घटस्फोटित गृहस्थाने आपल्या माजी पत्नीचा लग्नातला पांढरा पोशाख विकायला काढला. फोटोसाठी कोणी बाई मिळेना म्हणून तो स्वतःच अंगात घालून उभा राहिला, चेहरा तेवढा झाकून. रांगडा, भरदार बांध्याचा पुरुष, आणि अंगात वधूवेष. फोटो पाहून आम्हीही हसलो, नाही असं नाही. मजकूरही खुमासदार. तो पोशाख जाळायला निघाला होता, बहिणीने अडवलं की विकून निदान काहीतरी मिळव. बाराशे डॉलरचा हा पोशाख त्याला न्हाणीघराच्या पडद्यासारखा दिसतो. पैसे आले तर बेसबॉलच्या सामन्याची दोन तिकिटं आणि बिअर, एवढीच त्याची अपेक्षा. शेवटची बोली ३,८५० डॉलरची लागली. दूरदर्शनवर मुलाखती झाल्या, लग्नाच्या मागण्या आल्या.

तंत्राच्या दृष्टीने ही जाहिरात पहिलीपेक्षा सरस आहे, हे मान्य करायला हवं. वाक्यं आखूड आहेत, वेग आहे, आणि आपल्या सुटलेल्या अंगाची तो स्वतःच थट्टा करतो तिथे ती खरोखर मोठी होते. लिलावाला ठरावीक दिवसांची मुदत असते, तोवर वाचक पुन्हा पुन्हा येऊन बोली बघतात. या मुदतीने त्या सगळ्या प्रकाराला नाटकाचा ताण दिला.

पण त्यात दोन माणसं अशी आहेत की ज्यांना बोलायची सोय नाही. एक ती माजी पत्नी. दुसरे तिचे वडील, ज्यांना तो दारुडा म्हणतो आणि पोशाखाचे पैसे देतो म्हणून त्यांनी हात वर केले असं सांगतो. हे खरं असेलही. आपल्याला काय माहीत? मुद्दा असा की, पोशाखाचे दोष वाचकाला फोटोत पडताळता येतात, पार्सल आल्यावर पडताळता येतात. माणसांचे दोष कुठे पडताळायचे? वस्तूचं वर्णन खोटं निघालं तर पैसे परत मागता येतात. बायकोचं वर्णन खोटं निघालं तर कुठे परत करायचं?

कोणी म्हणेल, सर, तो दुखावलेला माणूस आहे, त्याला जरा सूट द्या. दिली. दुःख दिसतंच आहे त्या मजकुरात, म्हणून तर तो निव्वळ चावट होत नाही. आमची तक्रार त्याने दुःख मांडलं याबद्दल नाही. विनोदाचं बिल त्याने दुसऱ्याच्या नावावर फाडलं, ही आहे. भरताने हसण्याचे सहा प्रकार सांगितले, स्मितापासून अतिहसितापर्यंत, आणि त्यातले दोन उत्तमांचे, दोन मध्यमांचे, दोन अधमांचे ठरवले. ही जाहिरात वाचताना आपण त्या जिन्यावरून वरखाली करत राहतो. फोटोपाशी वर, सासऱ्यापाशी खाली.

आता एक गमतीशीर गोष्ट, जी तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना फार उपयोगी आहे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात फ्लोरिडातल्या एका बाईने चीज सँडविचचा तुकडा विकायला काढला. भाजताना त्यावर मेरीमातेचा चेहरा उमटला होता असं तिचं म्हणणं. एक घास खाल्ला होता, मग चेहरा दिसला म्हणून दहा वर्षं प्लॅस्टिकच्या डबीत कापसात ठेवला होता, आणि त्याला बुरशी लागली नाही असं ती सांगत होती. कंपनीने ती जाहिरात आधी काढून टाकली. कारण काय? थट्टा म्हणून टाकलेल्या जाहिराती आमच्या नियमांत बसत नाहीत. बाईने सांगितलं, ही थट्टा नाही, मी खरंच विकणार आहे. मग जाहिरात परत आली, आणि एका ऑनलाइन कॅसिनोने तो तुकडा २८,००० डॉलरला घेतला.

बघा हं. जिथे लोक पोट धरून हसले तो वधूवेष थट्टा ठरला नाही. आणि जी बाई हसत नव्हती, जी श्रद्धेने बोलत होती, तिची जाहिरात थट्टा ठरली. आम्हाला वाटतं, यात नियम मूर्ख नव्हता, तो लावताना चूक झाली. नियमाला थट्टा म्हणजे हसू येणं अभिप्रेत नव्हतं. विकायचा इरादा नसणं, म्हणजे शब्द न पाळणं, हे अभिप्रेत होतं. कंपनीचा नियम आणि काँट इथे एकाच बाजूला उभे आहेत. विनोद करा हवा तेवढा, पण पैसे दिल्यावर पार्सल आलं पाहिजे.

(त्या कॅसिनोबद्दल वेगळं बोलायला नको. त्याने सँडविच घेतलं नाही, बातमी घेतली, आणि त्या मानाने स्वस्तात घेतली.)

आता कोणी म्हणेल की, शेवटी हा सगळा गोष्टीचा महिमा. वस्तू कोणतीही असो, गोष्ट चांगली जोडली की भाव चढतो. हे अमेरिकेत दोघांनी प्रयोग करून पाहिलं. रॉब वॉकर आणि जोशुआ ग्लेन. २००९ मध्ये त्यांनी जुन्या बाजारातून शंभर किरकोळ वस्तू आणल्या. सगळ्या मिळून १२८ डॉलर ७४ सेंटना. प्रत्येक वस्तूवर एका लेखकाकडून काल्पनिक गोष्ट लिहून घेतली आणि ती गोष्ट वर्णन म्हणून लावून ईबेवर लिलाव केला. एकूण ३,६१२ डॉलर ५१ सेंट आले. तीन डॉलरच्या एका रशियन बाहुल्यासारख्या मूर्तीचे १९३ डॉलर ५० सेंट आले.

प्रयोग सुंदर आहे आणि त्यातल्या काही कथा चांगल्या आहेत. पण विपणनवाले लोक त्याचा जो अर्थ लावतात तो आम्हाला पटत नाही. ते म्हणतात, पाहा, गोष्ट विकते, म्हणून गोष्टी रचा. ते एक बारीकसा भाग सांगायचा विसरतात. त्या प्रत्येक जाहिरातीत ही गोष्ट काल्पनिक आहे, अमुक लेखकाने रचली आहे, असं स्पष्ट लिहिलेलं असायचं. घेणाऱ्याला फसवायचं नाही याची त्यांनी काळजी घेतली होती. म्हणजे लोकांनी हौसेचा भाव दिला तो हौसेचा आहे हे जाणून दिला. पेझच्या डब्यांच्या कथेत ही पाटी नव्हती. फरक तेवढाच आहे, आणि आमच्या दृष्टीने सगळा आहे.

तरी पोकेमॉनवाल्या आईचे १४२ डॉलर आम्हाला त्या १९३ पेक्षा जड वाटतात. तिथे वस्तूला गोष्ट बाहेरून चिकटवलेली नव्हती. वस्तूबरोबर ती आधीपासून होती, बाईने फक्त पुसून स्वच्छ केली.

पुढे या प्रकाराचं काय झालं ते थोडक्यात. जे होतं तेच झालं. एक गाजली की मागून शंभर येतात. विनोद केला की बोली चढते हे कळल्यावर लोक आधी विनोद लिहू लागले आणि मग त्याला शोभेल अशी वस्तू माळ्यावरून शोधू लागले. असं लिहिलेलं ओळखू येतं. त्यात वस्तूचा एकही नेमका दोष सापडत नाही, सगळे दोष मोघम आणि मजेशीर असतात. ओरखडा कुठे आहे, किती बोटं लांब आहे, हे लिहायचं सोडून ओरखड्यावर कोट्या असतात.

आपल्याकडे ईबे आलं ते २००४ मध्ये, बाझी डॉट कॉम ही मुंबईची कंपनी विकत घेऊन, आणि २०१८ मध्ये ते दुकान बंद झालं. आज आपण जुन्या वस्तू विकतो त्या साध्या जाहिराती टाकून, फोनवर घासाघीस करून. बोहारणीचीच पद्धत, डब्याऐवजी रोकड. त्यामुळे वर्णनाची कला आपल्याकडे वाढायला जागाच मिळाली नाही. 'उत्तम स्थितीत, तातडीने विकणे आहे' यापुढे आपण जात नाही.

आणि इथे आम्ही आमच्या घरी येतो.

आमची पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. तिची घरघंटी होती. एकोणीस वर्षं चालली. सुनेला तिचा उपयोग नाही, जागा अडते, विकू या असं ठरलं. नातीने फोटो काढले आणि लिहिलं, 'उत्तम स्थितीत'. आम्ही म्हटलं, हे खोटं आहे. थांब, आम्ही लिहितो. या व्याख्यानासाठी इतकं वाचलं होतं, हात शिवशिवत होते.

आम्ही लिहिलं. त्या घरघंटीचा आवाज असा की, गहू चाललेत की ज्वारी हे वरच्या मजल्यावरचे सांगत. मालकीणबाई सकाळी सहाला भाजणी दळायला घेत, आणि या यंत्राला आवाज आहे हे त्यांनी एकोणीस वर्षांत एकदाही कबूल केलं नाही. आणखीही बरंच होतं. नात हसली. मुलगा हसला. सून वाचताना हसली, मग थांबली आणि म्हणाली, "बाबा, आवाजाची तक्रार तुमची होती. आई त्यावर काय म्हणायच्या, ते यात कुठेय?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. ती काय म्हणायची ते आम्हाला आठवत होतं. म्हणायची, पेपर वाचायला गच्चीत जाता ना, मग जा की. पण ते आम्ही लिहिलं नव्हतं, कारण त्यात हसू आमचं झालं असतं. सिअ‍ॅटलच्या माणसावर वरची दोन पानं आधीच लिहून झाली होती, बरं का. ती टेबलावर पडली होती.

मग खोडलं. नवीन लिहिलं. घरघंटी चालू आहे, आवाज फार आहे. डाव्या बाजूचा पत्रा खाली एक वीत गंजलेला आहे. जाळ्या पाच आहेत. कोणती कशासाठी ते विक्रेत्याला एकोणीस वर्षांत कळलेलं नाही, कारण दळणाच्या वेळी तो गच्चीत पेपर वाचत असे. तरी घेणाऱ्याने ते स्वतः शोधून काढावं.

हे पहिल्याइतकं खुसखुशीत नाही, आम्हाला माहीत आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. ... हो, बोला. ... विकली का? विकली. चौदाशेला टाकली होती, बाराशेला गेली. एक बाई आल्या होत्या, धायरीहून. त्यांनी मूठभर गहू बरोबर आणले होते. यंत्र लावून बघितलं, पीठ बोटांत चोळून बघितलं, गंजलेल्या पत्र्यावरून दोनशे कमी केले. जाहिरातीत पत्र्याचं आम्हीच लिहिलं होतं, तरी. आम्ही जरा आशेने विचारलं, वर्णन वाचलंत का? त्या म्हणाल्या, "वर्णन होतं का खाली? मी फोटो बघून आले." आणि मग रिक्षा येईपर्यंत कोणती जाळी कशाला, ते त्यांनीच आम्हाला समजावून सांगितलं.